हे गुडघे दुखायला हवेत

मावशीला घेऊन इथल्या, इंदूरच्या, हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. गुडघ्यांसाठी नव्हे, खांद्यासाठी, पण सत्तरी पार केलेली बाई कुठलाही सांधा घेऊन गेली तरी गुडघ्यांचे एक्सरे निघतातच, तसे तिचेही निघाले. डॉक्टर फिल्म उजेडाच्या खोक्यावर लावून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "माताजी, आप चल के आई हो? ये घुटने तो दुखने ही चाहिए." मावशी म्हणाली, नहीं दुखते. डॉक्टर म्हणाले ग्रेड फोर आहे, दोन हाडांच्या मधे जागाच उरली नाहीये, थोडा तो दुखता होगा. त्यावर मावशी अस्सल इंदुरी ठसक्यात, "अरे भिया, घुटने मेरे हैं, दुखेंगे तो मेरे को नी पता चलेगा क्या?" केबिनमध्ये सगळे हसले, मीही हसले, आणि हसतहसतच बाहेर आलो तर बाकावर एक चाळिशीतली बाई बसलेली. आपल्याकडचीच, कारण नवऱ्याशी मराठीत बोलणं चाललेलं, म्हणजे नवराच बोलत होता, लिफाफ्यातला रिपोर्ट काढून, "हे बघ, नॉर्मल लिहिलंय. काही नाहीये गं तुला. उगाच." ती काहीच बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर, बोटं अर्धवट मिटलेली, थंडीत मिटतात तशी, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन.

ते 'उगाच' डोक्यातून जाईना.

मावशीचं काय सांगायचं, ती नारायण बागेत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्टमध्ये तिचा जीव गुदमरतो म्हणून जिन्याने जाते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला अजूनही जेल रोडवर मध्यरात्रीपर्यंत उभी असते, मिल बंद पडून जमाना झाला पण झांक्या निघतात आणि मावशीही निघते. वजन मुळातच कमी, हा एक मुद्दा तिच्या बाजूचा, कारण वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनी उतरतो असं संशोधकांनी मोजलेलं आहे. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूही काही जाड नाहीत आणि त्यांच्या एक्सरेत मावशीच्या निम्मंही काही नाही, तरी त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबतात, डोळे मिटतात, मग पुढची पायरी. हे नाटक नाही. मी शेजारी उभी असते, त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसतो.

मग मी वाचायला लागले. रात्री जेवणं आटपल्यावर, मोबाईलवर, एकातून दुसरं उघडत. हे ग्रेड फोर प्रकरण कुठून आलं तर मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली एक्सरे बघून सांध्याला शून्य ते चार गुण द्यायची पद्धत मांडली, तीच अजून चालते. आणि मला सगळ्यात गंमत याची वाटली की हाच केलग्रेन त्याच्या आधी, १९३०च्या दशकात, लंडनमध्ये दुखण्यावरच काम करत होता. काम म्हणजे काय, तर निरोगी माणसांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचायचं आणि विचारायचं, आता सांगा कुठे दुखतंय. सुई एका जागी असायची आणि लोक हात ठेवायचे भलत्याच जागी. म्हणजे दुखणं आपली जागा सोडून फिरतं हे ज्याने स्वतः नकाशे काढून दाखवलं, त्याच्याच नावाच्या ग्रेडवरून आज मावशीला कुणीतरी सांगतंय की तुमचं अमुक ठिकाणी एवढं दुखायला हवं. केलग्रेनचा काय दोष म्हणा, त्याने फोटोचे गुण दिले होते, माणसाचे नाही.

बरं, एक्सरेला दिसत नाही तर एमआरआयला दिसत असेल, हे पुढचं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासत आलेत, तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या ७१० जणांचे, ज्यांचे एक्सरे अगदी स्वच्छ होते, त्यांचे एमआरआय काढले. २०१२ साली निकाल छापला. ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड सापडला, आणि ज्यांचं दुखत होतं आणि ज्यांचं दुखत नव्हतं, त्यांच्यात फरक म्हणाल तर थोडासाच. म्हणजे मशीन जेवढं महाग तेवढं जास्त दिसतं, पण काकू दुसऱ्या पायरीवर का थांबतात ते तरीही दिसत नाहीच. कारण झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, आणि कूर्चेला दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, आजूबाजूचं वेष्टण. आणि ते बरेच दिवस दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू त्याचा आवाज वाढवून ठेवतात, मग हलक्या धक्क्यालाही कळ येते. कुणाचा आवाज वाढतो, कुणाचा नाही. मावशीचा नाही वाढला. का, ते तिच्या फोटोत शोधून सापडणार नाही.

कूर्चेबद्दलच अजून एक वाचलं आणि त्या रात्री झोप उडाली. १९५० आणि ६०च्या दशकात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळजवळ दुप्पट झाला, १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर तो हळूहळू उतरत गेला, आणि त्या काळात जे जे वाढत होतं, झाडं, गहू, पोरं, त्या सगळ्यांत तो जाऊन बसला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्याच्या कूर्चेतला हा कार्बन मोजला, त्यावरून कूर्चेचं कोलॅजन, म्हणजे तिच्या विणीचे धागे, किती जुनं आहे ते बघायला. तर ते निघालं त्या त्या माणसाच्या वाढीच्या वयातलं. मोठेपणी ते जवळपास बदलतच नाही, झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे मावशीच्या गुडघ्यात आज जे काही चिमूटभर उरलंय ते ती परकर-पोलक्यात खो-खो खेळायची, साखरेच्या रांगेत उभी राहायची, तेव्हाचं. तिला सांगितलं तर म्हणाली, "तरीच. तेव्हाचा माल चांगला होता." पण मला ते ऐकून हसू आलं नाही, कारण याचाच दुसरा अर्थ असा की गेलेलं परत भरून यायची सोय शरीराने ठेवलेलीच नाही, आणि म्हणून गुडघ्याच्या या झिजेवर, इतकी वर्षं इतके लोक लागलेले असूनही, झीज थांबवणारं औषध अजून नाही. मांडीचे स्नायू बळकट करा, चाला, वजन आवरा. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात, स्पंज दाबून सोडावा तसं चालण्याने तिच्यात वंगणाचं पाणी आतबाहेर होतं आणि त्यातूनच तिला खायला मिळतं. झिजतंय म्हणून बसून राहिलं तर उरलेलीही उपाशी.

आणि डॉक्टरांचीही खात्री कशी फसते त्याची ह्यूस्टनची गोष्ट मला फार आवडते. तिथे मोझली नावाच्या सर्जनने १८० पेशंट घेतले, सगळे गुडघेदुखीचे. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरंच साफसफाई केली, काहींचा गुडघा नुसता धुतला, आणि काहींना फक्त वरून चिरे दिले. आत काही घातलंच नाही, पण सर्जन हत्यारं मागत होता, पाय वाकवत होता, पाणी शिंपडून आवाज करत होता, म्हणजे गुंगीतल्या पेशंटला कानावरूनही कळू नये. दोन वर्षांनी हिशोब केला तर तिन्ही गट सारखेच. दुखणं सगळ्यांचं थोडंफार कमी, खोट्या ऑपरेशनवाल्यांचंही तितकंच. २००२ साली हे छापून आलं तेव्हा असली ऑपरेशनं दरवर्षी लाखोंनी चालली होती. म्हणजे ज्यांना बरं वाटलं ते खोटं बोलत होते का? नाही ना. बरं वाटलं ते खरंच होतं, फक्त ते साफसफाईमुळे नव्हतं.

खालच्या काकू मात्र पावसाचं भाकीत करतात. "उद्या पाणी पडणार, गुडघे सांगतायत." आणि पडलं की वर येऊन सांगून जातात, नाही पडलं की येत नाहीत. यावरही अभ्यास झालाय. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघा संशोधकांनी १८ पेशंटचं दुखणं पंधरा महिने हवामानाशी ताडून पाहिलं, काही जुळेना, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की माणसाला जिथे काही नाही तिथेही नक्षी दिसते. संपलं म्हणावं, तर २०१९ साली मँचेस्टरवाल्यांनी मोबाईल ॲपवर २,६५८ लोकांच्या रोजच्या नोंदी घेतल्या आणि दमट, वाऱ्याच्या, हवेचा दाब उतरलेल्या दिवशी दुखणं खरंच जरा वाढतं असं निघालं. जरा म्हणजे किती, तर एरवी शंभरात पाच वेळा वाईट दिवस येत असेल तर अशा हवेत सहा वेळा. काकू खोट्या नाहीत, पण त्या म्हणतात तेवढ्या खऱ्याही नाहीत. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आता वहिनीबद्दल. खरं तर बाकावरच्या त्या बाईकडे बघून मला वहिनीच आठवली होती.

दादाचं लग्न होऊन काही वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी उठलं की वहिनीला कणीक मळता यायची नाही. बोटांची मुळं सुजलेली, अंगठी निघेना, केसांची क्लिप दाबता येईना, आणि तास-दीड तासाने हळूहळू सैल व्हायचं सगळं, म्हणून घरातल्या कुणाला खरं वाटायचं नाही, कारण घरातले उठून चहाला येईपर्यंत ती चालतीबोलती झालेली असायची. एक्सरे काढला, स्वच्छ. कॅल्शियम घ्या, टेन्शन घेऊ नका. मग प्रत्येकाचं सुरू झालं, वांगं बंद, ताक बंद, बटाटा वातूळ, निरगुडीचा पाला गरम करून बांध, महानारायण तेल, दुधातून एरंडेल, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू, तो तळलेला कंद, खायला गेलो तर आईने सगळ्यांसमोर तिचा द्रोण बाजूला केला. गठिया म्हटलं की आपल्याकडे सगळं एकाच पिशवीत जातं. खरं तर माधवनिदानात आमवात वेगळा सांगितलाय, संधिगत वात वेगळा, वातरक्त त्याहून वेगळं, हजार-बाराशे वर्षांपूर्वी लोकांनी बसून वेगळं केलेलं आपण वांग्यावर आणून ठेवलं. मावशीचा तो झिजेचा, आणि वहिनीचा तो वेगळाच, म्हणजे शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली. हाड खाल्लं जायला वेळ लागतो, आणि खाल्लं गेल्याशिवाय एक्सरेत येत नाही. ज्या वेळी उपचार सगळ्यात जास्त उपयोगाचे, नेमका त्याच वेळी फोटो साफ.

मग तिला दिवस राहिले. आणि दुखणं गेलं! तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सूज उतरली, वहिनी भराभर पोळ्या लाटायला लागली, सगळे म्हणाले बाळाचा पायगुण. आईने तर खजराण्याच्या गणपतीला जाऊन लाडू चढवले. बाळ झालं, आणि ते मान धरायला लागायच्या आत दुखणं दुप्पट जोरात परत आलं, इतकं की बाळाला उचलून घेता येईना, मनगटांत बळच नाही, ती त्याला कोपरांनी उचलायची. मग 'पायगुण' हा शब्द घरातून आपोआप बंद झाला. नंतर कुठे एका डॉक्टरने अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी केली आणि आजाराचं नाव ठरलं, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

हे सगळं मला तेव्हा नशिबाचे खेळ वाटलेले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरने मात्र असल्याच गोष्टी कान देऊन ऐकल्या होत्या. १९२९ साली त्याचा एक पेशंट, जो स्वतः डॉक्टरच होता, म्हणाला की मला कावीळ झाली आणि माझे सांधे दुखायचे थांबले. दुसरा कुणी असता तर योगायोग म्हणून पुढे गेला असता. हेंच तसले पेशंट जमवत बसला, कावीळवाले, मग गरोदर बायका, ज्यांचं दुखणं त्या महिन्यांपुरतं जायचं. त्याने ठरवलं की शरीरच काहीतरी बनवतंय, त्याला नाव दिलं सबस्टन्स एक्स, आणि जवळजवळ वीस वर्षं त्याच्या मागे लागला. तिथल्याच प्रयोगशाळेत केंडल नावाचा रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून एकेक रसायन वेगळं काढत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यातलं एक, कंपाउंड ई, एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं जिला अंथरुणातून उठता येत नव्हतं, आणि काही दिवसांत ती गावात खरेदीला गेली. तेच कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडल आणि त्याच ग्रंथींवर स्वित्झर्लंडमध्ये काम करणारा राइशस्टाइन या तिघांना नोबेल. पुढे डोस वाढले तसे चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, आणि जादू कितीला पडते ते कळलं. गरोदरपणातल्या आरामाचं कोडंही कॉर्टिसोनने पूर्ण सुटलं नाही, त्यात आईच्या शरीराने बाळाला परकं न मानायची सगळी तडजोड आहे. तरी सुरुवात कुठून झाली बघा. एका पेशंटने सहज सांगितलेल्या, कुठल्याही रिपोर्टात न बसणाऱ्या वाक्यातून.

वहिनीला मिळाली मेथोट्रेक्सेट. दवा बाजारातला दुकानदार पाकीट हातात देताना म्हणाला, "भाभीजी, ये तो कैंसर में चलती है," आणि दादा तिथल्या तिथे पांढरा पडला. चलती है, हे खरंच आहे. या जातीच्या औषधांची सुरुवात झाली ती आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून, अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीत, आणि बॉस्टनच्या फार्बर या डॉक्टरने त्यातलंच एक रसायन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देऊन पाहिलं, त्याचा निकाल १९४८ साली छापला. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. सांध्यांसाठीही १९५१ मध्येच कुणीतरी ते वापरून बघितलं होतं, फरकही दिसला होता, पण तेव्हा सगळे कॉर्टिसोनच्या नादात, त्यामुळे वहिनीच्या या आजारासाठी अमेरिकेत रीतसर परवानगी मिळायला १९८८ उजाडलं. चाळीस वर्षं औषध कपाटात! मला याचा राग येतो, मग वाटतं राग कुणावर काढायचा. वहिनीच्या कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल असतो, आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, सोबत फॉलिक ॲसिड. पुढची औषधंही आहेत, लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये टीएनएफ नावाचा सूज पेटवणारा रेणूच अडवून दाखवला, त्यातून ती महागडी इंजेक्शनं निघाली. पण ती द्यायच्या आधी टीबी तपासावा लागतो, कारण झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात झोपलेला टीबी घरोघर. वहिनीवर अजून ती वेळ आलेली नाही.

एक गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. हॉलंडमध्ये रक्तपेढीत ठेवलेले जुने नमुने काढून बघितले, ज्या रक्तदात्यांना पुढे हा आजार झाला त्यांचे. जवळपास निम्म्यांच्या रक्तात सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधीच खुणा होत्या. वहिनी म्हणाली, "म्हणजे लग्नासाठी मला बघायला आलात तेव्हाही असेल." असेलही.

आता ती दर तीन महिन्यांनी जाते. डॉक्टर तिचे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबतात, कुठे सुजलंय ते स्वतः बघतात, कुठे दुखतंय ते तिला विचारतात, रक्ताचा ईएसआर, म्हणजे शरीरात सूज किती ते सुचवणारा आकडा, बघतात, आणि मग तिच्यासमोर एक कागद ठेवतात ज्यावर दहा सेंटिमीटरची नुसती आडवी रेघ. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला शंभर. तुम्हाला एकंदर कसं वाटतंय, तिथे खूण करा. यातून डीएएस-२८ नावाचा, आजार किती जोरात आहे ते सांगणारा आकडा निघतो आणि त्यावर औषध ठरतं. मी ते सूत्र शोधून काढलं. त्यात डॉक्टरला दिसलेल्या सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ ०.२८ने गुणतात, आणि पेशंटने दुखतंय म्हणून सांगितलेल्या सांध्यांचं ०.५६ने. नेमकं दुप्पट. यावर टीकाही होते की दुखणं दुसऱ्याही कारणाने असू शकतं, मग सूज नसतानाही आकडा फुगतो, आणि ती टीका रास्त आहे, मोझलीच्या खोट्या ऑपरेशननंतर कुणी नुसत्या सांगण्यावर किती विसंबावं हा प्रश्न उरतोच. पण तरी. वजन कुणाच्या शब्दाला जास्त, ते लिहून ठेवलंय.

वहिनीला हे दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे मी जास्त सांगितलं तर गोळी वाढेल?" म्हटलं, वाढू शकते. "आणि कमी सांगितलं तर?" म्हटलं, तशीच राहील, आणि आतून सांधा खराब होत राहिला तर होत राहील. ती म्हणाली, "मी आपली दरवेळी वीसवर खूण करून येते. शेजारी दादा उभे असतात ना. पन्नासवर केली तर घरी येऊन म्हणतील, एवढं दुखत होतं तर काल पुरण कसं वाटलंस."

पुढच्या वेळी दादाला बाहेर बसवून आम्ही दोघी आत गेलो. तिने पेन घेतलं, मनगट टेबलावर टेकवलं, पासष्टच्या आसपास खूण केली, खोडली, पुन्हा तिथेच केली. डॉक्टरांनी डोस वाढवला. घरी आल्यावर तिने दादाला सांगितलं की सोमवारपासून पोळ्यांना बाई येणार, मी बोलून घेतलंय, आणि दादा म्हणाला, "रिपोर्टमध्ये काय आलं?"